पिवळ्या दिव्यावरची पट्टी

आमच्या घरात बैठकीतून स्वयंपाकघराकडे जाताना डाव्या भिंतीवर पांढऱ्या पत्र्याचा एक डबा आहे. त्यात घराच्या अलार्मचं सर्किट, एक लहान ट्रान्सफॉर्मर आणि एक बॅटरी असते. दोन दारांवरचे सेन्सर आणि आईच्या गळ्यात दोरीनं अडकवलेलं बटण या डब्याशी जोडलेलं आहे. बटण दाबलं की गच्चीच्या कठड्याखाली लावलेला सायरन वाजतो. वीज असली तर तो विजेवर वाजतो, नसली तर बॅटरीवर. मला जे सांगायचं आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

मी गोंदियातल्या एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतरही आठवड्यातून चार दिवस जातो. आमचं घर शहर संपतं तिथे, बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्नी त्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला होती. घरात मी, त्र्याऐंशी वर्षांची आई आणि दिवसभर आईजवळ थांबणारी एक बाई, एवढीच माणसं. बाई बिरसीची. सकाळी आठला सायकलनं यायची, संध्याकाळी पाचला आमच्याकडून निघून कॉलनीतल्या दोन घरी पोळ्या करायची आणि मग गावी जायची. वय पंचेचाळीसच्या आसपास. मला ती भाऊ म्हणायची, आईला आजी. मी तिला बाई म्हणायचो.

डब्यातली बॅटरी आधी शिशाची होती. बारा व्होल्टची, विटेएवढी आणि विटेएवढीच जड. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-अडीच वर्षांत फुगते. तिसरी बॅटरी फुगली तेव्हा मी लिथियमची आणायची ठरवलं. ती वजनाला निम्म्याहून कमी, आठ-दहा वर्षं टिकते असं वाचलं होतं. अलार्म बसवणाऱ्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "सर जी, लगाने को लग जाएगी, लेकिन आपका पैनल पुराना है, चार्जिंग लेड के हिसाब से है. एक बार मैं आके देख लूँ?" मी म्हणालो, बघू. त्याला बोलावलं नाही. बॅटरी मागवली, मापं जुळली, तारा जुळल्या, लाल तार लालला आणि काळी काळीला लावली. वीस मिनिटांचं काम. नंतर रविवारच्या पुरवणीत त्यावर चारशे शब्दांचा मजकूरही लिहिला. कॉलनीतल्या दोघांनी तो वाचून माझ्या सांगण्यावरून तीच बॅटरी घेतली.

बटण आलं तेव्हा मी बाईच्या कामाची फेररचना केली. हा शब्द मी तेव्हाही मनात वापरला होता. आधी तिचं काम आईजवळ बसणं, तिला उठवणं-बसवणं, खाऊ घालणं एवढंच होतं. आता बटण होतं. आईला लागलं तर ती दाबेल, सायरन घरभर ऐकू येईल, बाई कुठेही असली तरी अर्ध्या मिनिटात पोचेल. म्हणून मी तिला म्हणालो, "आजी झोपलेल्या असतात तेव्हा गच्चीवरची, मागच्या अंगणातली कामं करत जा." बाई म्हणाली, "आन् बटन नाही वाजली तं?" मी तिच्यासमोर बटण दाबून दाखवलं. सायरन वाजला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. बाई कानावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "बापा, मेलेला माणूस उठून बसन."

पुढे दर रविवारी सकाळी मी बटण दाबून चाचणी घ्यायचो. तारीख, वेळ आणि "वाजला" अशी नोंद एका वहीत करायचो. सगळ्या नोंदी "वाजला" अशाच आहेत.

मार्चमध्ये गारांचं वादळ झालं. खांब पडले. आमच्या भागात वीज छत्तीस तासांनी आली. वीज आल्यानंतर दोन दिवसांनी, मी जेवायला बसलो असताना, बाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "भाऊ, त्या डब्यावर पिवळा लाईट लागून राहिला. आन् मंधामंधात टीं टीं करते. आजीची झोप मोडते."

मी उठून पाहिलं. हिरव्या दिव्याशेजारचा पिवळा दिवा लागलेला होता. पिवळा म्हणजे बिघाड. बॅटरीबरोबर आलेल्या कागदावर मी वाचलं होतं, की जुन्या पॅनलला लिथियम बॅटरी नीट ओळखता येत नाही, कधीकधी विनाकारण सूचना दिसू शकते. मी बटण दाबलं, सायरन वाजला. बाईला म्हणालो, "काही नाही. नवीन बॅटरी आहे, जुन्या डब्याला समजत नाही."

"मंग आधी काऊन नव्हता लागत?"

मी कीपॅडवरून आवाज बंद केला. दिवा बंद होत नव्हता, म्हणून मीटरच्या कपाटातून काळी चिकटपट्टी आणली, नखाएवढा तुकडा तोडला आणि दिव्यावर लावला. बाई बघत होती. ती म्हणाली, "लाईट तं आतमंधी लागलेलाच हाये ना." मी जेवायला बसलो.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी दहा ते दुपारी दोन आमच्या भागातला वीजपुरवठा देखभालीसाठी बंद राहणार होता. ही सूचना वृत्तपत्रांकडे आदल्या दिवशी आली होती. तिची चार ओळींची बातमी मीच केली, मथळा मीच दिला, तिसऱ्या पानावर मीच लावली. सकाळी मी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पत्रकार परिषदेला निघालो तेव्हा धुतलेले गहू गच्चीवर वाळत होते. बाईला सांगितलं, "वांदरं येतात, लक्ष ठेवा." आई न्याहारी करून पडली होती. बटण तिच्या गळ्यात होतं.

दहा वाजून काही मिनिटांनी वीज गेली. साडेदहाच्या सुमारास आई उठून एकटीच न्हाणीघरात गेली, परतताना उंबऱ्याजवळ पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. तिनं बटण दाबलं. बाई खाली आली ती बारा वाजून दहा मिनिटांनी, आजीला वरण-भात द्यायला. हा वेळ मी नंतर काढला. आईला विचारलं होतं किती वेळ पडून होतीस. तिच्याजवळ घड्याळ नव्हतं. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं सकाळभर आमच्या घरावरून फेऱ्या मारतात. आई म्हणाली, "अकरा इमानं मोजली. मग मोजणं सोडून देलं. हाका मारल्या, पण आवाज निघत नव्हता."

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाईला प्रश्न विचारले. माझे भाऊ-वहिनी तिरोड्याहून आले होते, ते उभे होते, शेजारचं एक जोडपं होतं. मी आवाज चढवला नाही. मुलाखत घ्यावी तसं एकेक विचारत गेलो.

"तुम्ही कुठे होत्या?"

"गच्चीवर. गव्हाजवळ."

"झोप लागली होती?"

"नाही भाऊ. उन्हात कोण झोपन? छत्री घेऊन बसली होती, वांदरं हाकलत होती."

"सायरन ऐकला नाही?"

"सायरन वाजलाच नाही."

"आई म्हणते बटण दाबलं."

"दाबली असन. आजी खोटं कायले बोलन? पण वाजला नाही."

"मी दर रविवारी वाजवून पाहतो. परवाच्या रविवारीही वाजला."

"रविवारी लाइन राहते ना भाऊ. आज लाइन नव्हती."

मी म्हणालो, "त्यासाठीच तर बॅटरी असते."

हे संभाषण मला शब्दशः आठवतं. तिनं कारण सांगितलं होतं, एका वाक्यात, मिस्त्रीला पुढे जे दाखवायला यंत्र लागलं ते तिनं यंत्राशिवाय सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं नाही. माझा भाऊ म्हणाला, "हे लोक मोबाईलवर बसतात, दुसरं काय." मी त्याला अडवलं नाही. बाई माझ्याकडे बघत होती, बहुधा मी काही म्हणेन म्हणून. मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नका."

पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. त्याच संध्याकाळी कॉलनीच्या मोबाईल ग्रुपवर मजकूर टाकला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे: "आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकाच्या देखभालीसाठी असलेल्या महिलेच्या दुर्लक्षामुळे गंभीर अपघात घडला. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा कार्यरत असूनही वेळेत मदत मिळाली नाही. सदर महिला परिसरात अन्यत्रही कामास असल्याचे समजते. नागरिकांनी खबरदारी घ्यावी." त्यात नाव नव्हतं. नाव न देण्याचा नियम मी पाळला याचं मला समाधान वाटलं होतं. कॉलनीत बिरसीहून सायकलनं येणारी बाई एकच होती. दोन दिवसांत दोन्ही घरांनी तिचं काम बंद केलं.

ती एकदा आली होती. आईची शस्त्रक्रिया झाल्यावर, दवाखान्यात, मी नसताना. आईसाठी चार मोसंबी ठेवून गेली. आई म्हणाली, "तिले काऊन काढलं? मी बटन दाबली होती, वाजली नाही. ती काय करन?" मी आईला म्हणालो, "तुला नीट दाबता आलं नसेल." आई भिंतीकडे तोंड करून पडली. अशा प्रकारे एका दिवसाच्या अंतरानं मी दोन साक्षीदार बाद केले. तिसरा साक्षीदार माझी वही होती आणि ती मीच लिहिलेली होती.

जूनच्या शेवटी आई वॉकर घेऊन चार पावलं टाकायला लागली. तिच्या खोलीत आणखी एक छोटा सायरन बसवावा म्हणून मी मिस्त्रीला बोलावलं. तो तिशीचा, बोलका माणूस. चहा घेता घेता डब्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ये टेप किसने लगाया, सर जी?"

मी म्हणालो, "पता नहीं."

हे दोन शब्द मी का म्हणालो ते सांगता येत नाही. घरात आई होती, मी होतो, तो होता. खोटं बोलून मिळणार काहीच नव्हतं. त्यानं पट्टी सोलली. पिवळा दिवा लागलेला होता. त्यानं डबा उघडला, बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. मीटरवर शून्य आलं.

"मर गई?" मी विचारलं.

"मरी नहीं, सोई है." त्यानं मग समजावून सांगितलं आणि ते अवघड नव्हतं. लिथियम बॅटरीच्या पोटात तिची स्वतःची एक रखवालदार पट्टी असते. चार्ज एका पातळीखाली उतरला की ती बॅटरीचं दार आतून बंद करते, म्हणजे बॅटरी खराब होत नाही. त्यानंतर बाहेरून पाहणाऱ्याला तिथे शून्य दिसतं. शिशाची बॅटरी कितीही उतरली तरी थोडं काही दाखवतेच. आमचा जुना पॅनल चार्ज सोडण्याआधी बॅटरी आहे का हे तपासतो. शून्य दिसलं की त्याच्या लेखी बॅटरीच नाही. मग तो पिवळा दिवा लावतो आणि चार्ज पाठवतच नाही. "मतलब किसी दिन लंबी लाइट गई होगी," तो म्हणाला, "उस दिन ये सो गई. तब से आपका सिस्टम खाली बिजली पे चल रहा है. लाइट है तो सायरन है, लाइट नहीं तो कुछ नहीं. ये पीली बत्ती वही तो चिल्ला रही थी बेचारी."

त्यानं पिशवीतून एक शिशाची बॅटरी काढली, दोन तारांनी क्षणभर लिथियमच्या टोकांना लावली. मीटरवर आकडे आले. बॅटरी जागी झाली होती. तो खूश झाला. "बैटरी का कोई दोष नहीं है, सर जी. माल अच्छा है. बस इसको पहचानने वाला पैनल चाहिए था."

आई खोलीतून हे ऐकत होती.

मिस्त्री गेल्यावर मी पहिलं काम केलं ते हे: ज्या दोन शेजाऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून ती बॅटरी घेतली होती, त्यांना फोन केले. पॅनल एकदा तपासून घ्या, मिस्त्रीचा नंबर देतो, सहज म्हणून. दोघांकडे तो त्याच दिवशी जाऊन आला. तिन्ही घरांतल्या बॅटऱ्यांचा प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटला. बाईचा प्रश्न मी एकोणीस दिवस तसाच ठेवला.

त्या एकोणीस दिवसांत मी काय केलं याचा हिशेब द्यायला हवा. मी खुलासा लिहिला. वृत्तपत्रात चूक झाली की खुलासा आतल्या पानावर, लहान अक्षरांत, शक्य तितक्या कमी शब्दांत देतात. असे शेकडो मी लिहिले आहेत. चूक कबूल करायची, पण ती कोणी केली ते वाक्यात येऊ द्यायचं नाही, हे कसब हाताला इतकं बसलेलं असतं की मजकूर दहा मिनिटांत तयार झाला: "तपासणीअंती असे आढळून आले की तांत्रिक बिघाडामुळे सायरन कार्यान्वित झाला नाही. संबंधित महिलेबाबत निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी." फोनमध्ये टंकून ठेवला. पाठवला नाही. रोज सकाळी उघडायचो, एखादा शब्द बदलायचो. "आढळून आले" की "दिसून आले". आईला कोणी नवीन बाई मिळाली नव्हती, म्हणून सकाळी मीच तिचं करायचो. वेणी घालता येत नव्हती. आई म्हणायची, "राहू दे. ती घालत होती." विसाव्या दिवशी आई म्हणाली, "त्या पोरानं सांगितलं ते तिले सांगितलं काय?" मी नाही म्हणालो. आई म्हणाली, "मी जाऊ काय वॉकर घेऊन?"

मी बिरसीला गेलो. जुलैचा दुसरा आठवडा होता, भाताची रोवणी सुरू होती. घरी कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की ती विमानतळाच्या तारेच्या कुंपणालगतच्या भाताच्या बांधीत आहे. स्कूटर रस्त्यावर ठेवून शेताच्या धुऱ्यावरून चालत गेलो. आठ-दहा बाया ओळीनं वाकून चिखलात रोपं लावत होत्या. मला पाहून एकीनं मान वर केली.

"कोण हाये वं हा? पाव्हणा हाये काय कोणाचा?"

"पेपरवाला हाये. दरसाल येतात हे, फोटो काढाले."

"मंग थांबा न भाऊ, पदर तं नीट करू द्या. मागच्या साली निस्ती पाठच छापली होती आमची."

सगळ्या हसल्या. बाई हसली नाही. तिनं मला ओळखलं होतं. हातातली रोपांची जुडी तिनं खाली ठेवली नाही. मी म्हणालो, "बाई, थोडं बोलायचं होतं. जरा बाजूला येता?"

"इथंच बोला."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"दवाखान्यात सगळ्यायसमोर बोलले तं इथं बाजूले कायले?"

ओळ थांबली होती. मी धुऱ्यावर उभा राहून सांगितलं. सायरन वाजला नव्हता. बॅटरी बंद होती. वादळापासून बंद होती. तुम्ही सांगितलं ते खरं होतं. हे सांगायला एक मिनिटही लागलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "हे समजलं कधी तुमाले?" मी म्हणालो, एकोणीस-वीस दिवस झाले. ती तिच्या शेजारणीला म्हणाली, "बिरसी लय दूर हाये बापा गोंदियाहून." कोणीतरी फिसकन हसलं.

बाई म्हणाली, "हे मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं. ज्यायले सांगतलं होतं त्यायले सांगा."

मी म्हणालो, लिहून आणलं आहे. ती म्हणाली, "वाचा." मी फोन काढून खुलासा वाचून दाखवला. शेतात उभं राहून मोठ्यानं वाचताना ती भाषा मला पहिल्यांदा ऐकू आली. "कार्यान्वित" हा शब्द म्हणताना जीभ अडखळली.

बाई म्हणाली, "बिघाड झाला म्हणता. कोणाकडून झाला, ते नाही त्याच्यात."

"बॅटरी बसवताना…"

"कोणं बसवली?"

"मी."

"मंग मी म्हणून लिहा न. माझ्या वक्ती तं बरोबर लिहिलं होतं, बाईच्या दुर्लक्षानं झालं म्हणून. आता दुर्लक्ष कुठं गेलं?" ओळीतली एक तरुण मुलगी म्हणाली, "काकू, आन् त्या लाईटचं? तुमी सांगत होत्या ते." बाई म्हणाली, "हो. ते बी लिहा. मी सांगतलं होतं लाईट लागून राहिला म्हणून. आन् तुमी काय केलं?"

मी म्हणालो, "पट्टी लावली."

"लिहा."

पस्तीस वर्षांत माझा मजकूर कोणी असा तपासला नव्हता. विमान डोक्यावरून जाईपर्यंत थांबावं लागलं, ऐकू येत नव्हतं. मी धुऱ्यावर बसलो, जुना मजकूर पुसला आणि लिहिलं: "आई पडली त्या दिवशी सायरन वाजला नाही, कारण बॅटरी बंद होती. ती मी बसवली होती, मिस्त्रीला न दाखवता. बिघाडाचा दिवा लागला होता. बिरसीहून येणाऱ्या बाईंनी तो मला दाखवला होता. मी त्यावर पट्टी लावली. त्या झोपलेल्या नव्हत्या, मी सांगितलेलं काम करत होत्या. दुर्लक्ष माझं होतं. हे मला एकोणीस दिवसांपूर्वी कळलं, मी आज सांगतो आहे." वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "हे समजलं. आधीचं संस्कृत होतं." बाईनं मान हलवली. मी पाठवलं.

ती वाकली नाही. थांबून राहिली. उत्तरं यायला लागली तसं तिनं विचारलं, "काय म्हणून राहिले?" मला वाचून दाखवणं भाग होतं. पहिलं उत्तर होतं, "सर, मग लिथियम घ्यावी की नको?" दुसरं, "चूक मान्य करायला मोठं मन लागतं. सलाम सर." तिसरं नुसतं हात जोडल्याचं चित्र. चौथं, "यालाच म्हणतात खरी पत्रकारिता."

बाया मोठ्यानं हसल्या. "अवं, सलाम बी यायलेच! तुले काहीच नाही वं!" बाईही तेव्हा हसली, पहिल्यांदा. मला वाटलं होतं की अपमान दवाखान्यातल्या त्या व्हरांड्यात तिच्या वाट्याला आला आणि कबुलीनं तो फिटेल. तसं झालं नाही. कबुलीचंही श्रेय मलाच मिळत होतं आणि ते मी तिच्यासमोर मोठ्यानं वाचत होतो.

पाचवं उत्तर तिला काढून टाकणाऱ्या दोन घरांपैकी एका घरचं होतं. "बाईंचा नंबर पाठवा, कामाचं विचारते." मी बाईला विचारलं, देऊ का?

"नंबर त्यायच्याजवळ हाये. तीन साल पोळ्या केल्या त्या घरी. घर बी माहीत हाये, पोरीच्या लग्नाले आले होते. बोलावं असन तं या म्हणा. तुमी आले ना, तसे."

मी तेच शब्द लिहून पाठवले. मग विचारलं, "आमच्याकडे याल? आई रोज नाव काढते."

"आजीले भेटाले येईन. कामाले नाही येत." तिनं जुडीतली दोन-तीन रोपं वेगळी केली, वाकली आणि ओळीत पुढे सरकली. मी परत निघालो तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "फोटो राहिला न भाऊ!"

नंतर काय झालं ते एवढंच. नंबर मागणारी घरमालकीण खरोखर बिरसीला जाऊन आली आणि बाई तिथे पुन्हा पोळ्या करायला लागली. दुसऱ्या घरानं तोवर दुसरीला लावलं होतं, ते काम गेलं ते गेलंच. पुरवणीतल्या माझ्या लेखावर मी दुरुस्ती दिली, या वेळी माझ्या नावानं. संपादकांनी "एवढं सविस्तर कशाला" म्हणून शेवटची तीन वाक्यं काढली. मी वाद घातला आणि एक वाक्य परत मिळवलं.

ऑगस्टमध्ये, बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ती आईला भेटायला आली. मी दार उघडलं. तिनं "आजी हायेत?" एवढंच विचारलं आणि आत गेली. मी चहा केला, दोन कप खोलीत नेऊन ठेवले आणि बाहेर आलो. आईनं आतून दार लोटायला सांगितलं. थोड्या वेळानं दोघींचा आवाज येत होता. आई न्हाणीघरातली हकीकत पहिल्यापासून सांगत होती, बाई मध्ये मध्ये गच्चीवरची तिची बाजू जोडत होती, उन्हाची, वांदरांची. एवढे महिने होऊन गेले तरी त्या दिवसाबद्दल त्या दोघींना एकमेकींशी बोलायला मिळालं नव्हतं. मी ते होऊ दिलं नव्हतं. आई म्हणाली, "मी सांगत होती ना याले, बटन दाबली म्हणून. हा मलेच म्हणे, तुले दाबता नाही आली." बाई काहीतरी हळू बोलली आणि दोघी हसल्या.

मी बैठकीत बसून होतो. आत जाऊन काही म्हणावं असं वाटलं. गेलो नाही. तासाभरानं बाई बाहेर आली. आईची वेणी घातलेली होती.